चुन्याच्या रेघेबाहेर

वसमतला मोंढ्याच्या मागच्या रस्त्यावर फहीमचं सीट कव्हरचं दुकान आहे. ट्रॅक्टर असो, ऑटो असो की मोटारसायकल, सीट फाटली की माणूस तिथं जातो. दिवसभर तो दुसऱ्यांच्या बसण्याची सोय करतो, पण स्वतः निवांत बसलेला त्याला कोणी पाहिलेला नाही. रेक्झिन कापताना उभा, गिऱ्हाइकाशी बोलताना उभा, जेवणाचा डबाही काउंटरवर ठेवून उभ्या उभ्या संपवतो. शिलाई मशीनवर बसावंच लागतं, तर तिथंही स्टुलाच्या टोकावर. त्याची बायको कनीज सांगते, "निकाहच्या दिवशीबी हे तीनदा मांडवाबाहेर जाऊन आले. मला वाटलं, पळून जातात का काय."

ही चुळबुळ लहानपणापासूनची. त्याचे वडील चाँद पाशा गाद्या भरायचे. कापूस पिंजताना लेकराला शेजारी बसवलं तर दहा मिनिटांत लेकरू गायब. शोधायला गेलं की ते बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या मैदानावर सापडायचं. तिथं संध्याकाळी फुटबॉल चालायचा. बाकीची पोरं बॉलच्या मागं झुंडीनं पळत. फहीम पळायचा नाही. समोरच्या संघाच्या बचावातल्या शेवटच्या बॅकला खेटून उभा राहायचा आणि उभ्या जागी पाय हलवत राहायचा, तव्यावर उभं केल्यासारखा. अर्धा अर्धा तास बॉल त्याच्याकडं यायचा नाही. मग कुठून तरी एक बॉल सुटायचा, आणि बॅकला कळायच्या आत फहीम त्याच्या पुढं निघालेला असायचा.

त्याचे गोल दिसायला काही खास नव्हते. कधी नडगीला लागून, कधी छातीवरून, एकदा तर पाठीला लागून बॉल आत गेला. पण जात होता, हे खरं. गावात हिरासिंग नावाचे टायरवाले होते, त्यांनी पदरमोड करून 'यंग स्टार' नावाचा क्लब काढला होता. त्यांनी सोळा वर्षांच्या फहीमला नऊ नंबरची जर्सी दिली. परभणी, नांदेड, जालना, अकोला, जिथं जिथं स्पर्धा व्हायच्या तिथं हा जाऊन गोल मारून यायचा. बाविसाव्या वर्षी नागपूरच्या एका क्लबनं त्याला बोलावून घेतलं. चाँद पाशांनी त्याच्यासोबत एक नवीन गादी भरून दिली. पोरगं परगावी जमिनीवर झोपेल, ही त्यांची चिंता.

नागपुरात दोन वर्षं बरी गेली. तिसऱ्या वर्षी एका सामन्यात डावा पाय रोवला गेला आणि शरीर वळलं, पाय वळलाच नाही. गुडघ्यात काहीतरी कटकन झालं. फहीमनं कोणाला सांगितलं नाही. मोज्याच्या वर पट्टी, पट्टीवर गुडघ्याची टोपी, आणि सामन्याच्या आधी वेदनाशामक गोळी. कोचनं विचारलं तर म्हणायचा, "काही न्हाई सर." असे दोन सामने काढले, त्यात दोन गोलही मारले. तिसऱ्यात तो कॉर्नरला उडी मारायला गेला आणि खाली आला तो स्ट्रेचरवरच. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, पहिल्या दिवशीच थांबला असतास तर तीन महिन्यांत बरा झाला असतास.

पंचविसाव्या वर्षी तो वसमतला परत आला. गाद्यांचं दुकान हळूहळू सीट कव्हरचं झालं. वर्षभरानं पुन्हा यंग स्टारसाठी खेळू लागला. वेग निम्मा राहिला होता, पण बॉल कुठं येणार याचा वास त्याला अजून यायचा. त्या एका गोष्टीवर तो अडतीस वर्षांचा होईपर्यंत खेळला. शेवटी शेवटी हिरासिंगांनी त्याला कोचही करून टाकलं, म्हणजे खेळायचंही आणि शिकवायचंही.

खेळणं जमत होतं. शिकवणं काही केल्या जमेना. क्लबात पुष्कर नावाचा कॉलेजातला एक पोरगा फॉरवर्डला आला होता, एकोणीस वर्षांचा, पायात वारं भरलेलं. फहीम त्याला म्हणायचा, "तिथं उभा राह्य."

"तिथं म्हणजे कुठं, फहीमभाई?"

"जिथं बॉल येणार तिथं."

"ते आधी कसं कळणार?"

"काहून कळत न्हाई?" फहीम वैतागायचा. त्याला स्वतःला जे आपोआप कळत आलं, ते दुसऱ्याला विचारावं लागतं हेच त्याच्या डोक्यात शिरत नव्हतं. रेघेबाहेर उभं राहून सामना बघणं तर त्याला सोसवायचंच नाही. पाय आपसूक मैदानाकडं ओढले जायचे.

त्या वर्षी हिंगोलीच्या एका स्पर्धेत यंग स्टार अंतिम सामन्यात पोचला. एक-एक अशी बरोबरी होती आणि वीस मिनिटं राहिली होती. पुष्कर चांगला खेळत होता, त्याचा एक फटका खांबाला लागून परतला होता. पण फहीमला दम निघाला नाही. त्यानं रेफ्रीला खूण केली, पुष्करला बाहेर बोलावलं आणि स्वतः आत गेला. पाच मिनिटांत त्यानं बॉल जाळ्यात घातला, तो ऑफसाइड ठरला. मग पेनल्टी मिळाली. पेनल्टी मारायचा विकास, ते ठरलेलं होतं. फहीमनं त्याच्या हातातून बॉल घेतला. फटका आडव्या दांड्याच्या हातभर वरून गेला. शेवटच्या मिनिटाला समोरच्यांनी गोल केला आणि सामना गेला.

पुष्कर कोणाशी न बोलता बूट हातात घेऊन अनवाणी बस स्टँडकडं निघून गेला. पुढच्या महिन्यात तो परभणीच्या संघातून खेळताना दिसला.

दुसऱ्या दिवशी हिरासिंग दुकानात आले. पाणी प्याले. म्हणाले, "फहीम, मी तुला कोच केलं, पण तू अजून खेळूनच राहिलास. आमाला कोच मिळालाच न्हाई."

"भाऊ, एक डाव चुकलं."

"एका डावाची गोष्ट न्हाई. पोरं तुझ्याकडं बघत होती आन् तू बॉलकडं बघत होतास." एवढं बोलून ते उठले. फहीमचं खेळणं आणि शिकवणं दोन्ही एकाच दिवशी सुटलं.

पुढची दोन वर्षं त्याची फार वाईट गेली. तो जिनिंगच्या मैदानावरून जायचं टाळू लागला. घरून दुकानात जायला तोच जवळचा रस्ता होता, पण हा मशिदीकडून वळसा घालून जायचा. घरी आला की या खोलीतून त्या खोलीत. कनीजनं काही दिवस सोसलं, मग एकदा दळणाचा डबा त्याच्या हातात दिला. "चलनाइच है तो कुछ काम का चलो," ती म्हणाली. त्या दिवसापासून घरची सगळी बाहेरची कामं फहीमकडं आली. गिरणी, भाजी, नातेवाइकांची निमंत्रणं. तरी त्याच्या अंगातलं ते काही जिरेना.

मग एका दुपारी डोंगरकडा गावच्या रेवती मॅडम स्कूटीची सीट शिवून घ्यायला आल्या. तिथल्या शाळेत त्या खेळाच्या शिक्षिका. सीट होईपर्यंत भिंतीवरचा यंग स्टारचा जुना फोटो बघत उभ्या होत्या.

"ह्यात तुम्ही कोणते?"

"खाली बसलेला. डाव्या बाजूचा."

"मी खो-खोची," मॅडम म्हणाल्या. "पण आमच्या पोरींनी हट्ट धरलाय फुटबॉलचा. अठरा जणी आहेत. मला ऑफसाइड म्हणजे काय तेसुद्धा नीट सांगता येत नाही. शनिवारी येऊन जाल का?"

"मला शिकवता येत न्हाई, मॅडम. त्यावरूनच काढलंय मला."

"मलाही येत नाही. तुम्ही नुसते या."

फहीमनं नाही म्हटलं. दोन दिवस मशीनवर त्याचे टाके वाकडे पडले. शनिवारी सकाळी दुकान उघडायच्या ऐवजी त्यानं मोटारसायकल डोंगरकड्याच्या रस्त्याला लावली.

शाळेचं मैदान रस्त्याच्या बाजूला उतरतं होतं. जोरात मारलेला बॉल थेट केळीच्या गाड्यांखाली जायचा. अठरा पोरींतल्या सात जणींच्याच पायांत बूट. पण पहिल्याच शनिवारी फहीमला एक गोष्ट दिसली आणि तो जागेवर थबकला. सगळ्या बॉलमागं धावत असताना एक काटकुळी पोरगी समोरच्या बॅकला खेटून उभी होती. उभ्या जागी तिचे पाय हलत होते.

ती पुजा. नववीतली. तिचे वडील ग्यानोबा केळीच्या गाड्या भरायच्या कामावर. पुजा बोलायला कमी, पण प्रश्न विचारायची ते असे की फहीमला उत्तर यायचं नाही. एकदा म्हणाली, "सर, तुमी उभं राहता तेव्हा बॉलकडं बघता का बॅककडं?"

बावीस वर्षं खेळून त्यानं याचा विचार केला नव्हता. "पुढल्या शनिवारी सांगतो," म्हणाला. आठवडाभर तो गिरणीच्या रांगेत, मंडईत, दुकानात जुने गोल आठवत राहिला. नांदेडचा, अकोल्याचा, नागपूरचा. डोळे कुठं होते त्या वेळी? शनिवारी पोरींना रिंगणात उभं करून त्यानं सांगितलं, "बॅकच्या टाचेकडं बघायचं. तिनं टाच उचलली म्हणजे ती वळून राहिली. ती वळताना तुमी सुटायचं. बॉल तुमच्यासाठी कोणीतरी टाकतंच."

पोरींनी करून बघितलं. झालं. फहीमला इतका आनंद झाला की तो मैदानाला एक चक्कर मारून आला. त्यानंतर त्याला कळलं की शिकवणं म्हणजे आपल्याच खेळाची शिवण उसवून बघणं. ते काम त्याच्या हाताला माहीत होतं.

पुढच्या वर्षी हिंगोलीला शाळांची जिल्हा स्पर्धा लागली. डोंगरकड्याच्या पोरी पहिले दोन सामने जिंकल्या. चार गोल, त्यातले तीन पुजाचे. फहीम रेघेबाहेर कसला राहतोय, बॉलबरोबर तोही वर-खाली धावायचा आणि त्या भरात आत शिरायचा. रेफ्रीनं दोनदा दम दिला. शेवटी रेवती मॅडमनी चुन्याचं डबडं आणलं आणि त्याच्या पायाभोवती दोन पावलांची चौकट आखली. "सर, ह्याच्या बाहेर यायचं नाही." पोरी हसल्या. फहीमनं मात्र ते मनावर घेतलं. चौकटीत उभा राहून तो आपलीच बोटं मोडत राहायचा.

दुसऱ्या सामन्यात शेवटी शेवटी पुजा एका पोरीवर आदळून पडली. लगेच उठली, कपडे झटकले आणि खेळायला लागली. कोणाच्या ध्यानातही आलं नाही. पण परत जाताना टेम्पोतून उतरायची वेळ आली तेव्हा फहीमनं पाहिलं, तिनं आधी उजवा पाय खाली ठेवला, मग फळी धरून डावा.

"गुडघा दुखतोय?"

"काही न्हाई सर."

हेच शब्द त्यानं कुठं आणि कसे म्हटले होते ते त्याला चांगलं ठाऊक होतं. त्यानं गुडघा दाबून बघितला. पुजानं चेहऱ्यावरची रेघ हलू दिली नाही. सूज नव्हती. दुसऱ्या दिवशी अंतिम सामना. जिंकणाऱ्या संघाला विभागीय स्पर्धेला संभाजीनगरला जायचं होतं, आणि डोंगरकड्याहून तोवर कोणाचीच पोरगी खेळायला तिकडं गेलेली नव्हती.

अंतिम सामन्याला गावाहून दोन टेम्पो भरून माणसं आली. ग्यानोबाही आले, नवा शर्ट घालून. पूर्वार्धात पुजानं गोल मारला. बॅकची टाच हलली आणि ही सुटली, अगदी शिकवल्याप्रमाणं. लोकांनी डोक्यावरचे रुमाल हवेत उडवले. उत्तरार्धात फहीम गोलपोस्टकडं बघेनासा झाला. तो फक्त पुजाच्या पायाकडं बघत होता. ती नुसती उजवीकडंच वळत होती. डावीकडं वळायची वेळ आली की दोन लहान पावलं जास्त टाकायची. एकदा ती थांबली आणि मोजा वर ओढायच्या निमित्तानं गुडघा दाबून धरला.

पंधरा मिनिटं राहिली होती.

"मॅडम, पुजाला काढतो."

रेवती मॅडमनी त्याच्याकडं पाहिलं. "आत्ता? सर, पंधराच मिनिटं आहेत. ती स्वतः काही म्हणत नाहीये."

"म्हणणार न्हाई ती."

त्याच्या आतला एक जण ओरडून सांगत होता, राहू दे, एक गोल अजून मारील ती, मग काढ. त्या आवाजाला तो पुरता ओळखत होता. त्यानं रेफ्रीला खूण केली.

पुजाला आधी खरं वाटेना. मग ती चालत बाहेर आली, मुद्दाम न लंगडता. फहीमसमोर थांबली. "मी खेळू शकते सर."

"व्हय, खेळू शकतेस. बस."

ती बसली नाही. नडगीचं पॅड काढून तिनं चुन्याच्या चौकटीत त्याच्या पायाशी टाकलं आणि लांब भिंतीजवळ जाऊन उभी राहिली.

पुढं पुजा उरली नाही म्हटल्यावर समोरच्या पोरी वर चढल्या. सहा मिनिटांत बरोबरी झाली. शेवटच्या मिनिटांत दुसरा गोल. डोंगरकडा हरलं.

मैदानावर लोकांचा घोळका फहीमभोवती जमला. कोणी काही बोललं, कोणी नुसतं बघत राहिलं. ग्यानोबा पुढं आले. आवाज चढला नव्हता. "पोरगी चालून राहिली होती ना, सर? मग काहून काढली?"

फहीमनं वाकून डाव्या पायाची पॅन्ट गुडघ्याच्या वर ओढली. वीतभर लांब व्रण होता. "मीबी चालतच होतो," म्हणाला. "उद्या माझ्यासोबत नांदेडला चला. डॉक्टरनं काही न्हाई म्हटलं तर मग तुमी म्हणाल ते मान्य."

दुसऱ्या दिवशी तिघं नांदेडला गेले. तपासणीत निघालं की गुडघ्यातला एक बंध अर्धवट फाटला आहे. ऑपरेशनची गरज नव्हती. तीन महिने आराम, व्यायाम, मग हळूहळू सुरुवात. ग्यानोबांनी डॉक्टरांना दोनदा विचारलं, "तशीच खेळली असती तर?" डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही, कदाचित काहीच झालं नसतं, कदाचित पूर्ण तुटला असता.

बाहेर बाकावर पुजा बसली होती. सामन्यानंतर ती पहिल्यांदाच बोलली. "आपण जिंकलो असतो, सर."

"व्हय," फहीम म्हणाला. "जिंकलो असतो."

खोटं बोलून तिची समजूत काढणं त्याला जमलं असतं, पण त्यानं काढली नाही. पुजानं मान वळवली. पुढचे तीन महिने ती मैदानाकडं फिरकली नाही.

फहीम दर शनिवारी जात राहिला. पण डॉक्टरांचं ते 'कदाचित' त्याच्या डोक्यात घुसून बसलं होतं. गोल मारणाऱ्याला बरं असतं, बॉल आत गेला का नाही ते तिथल्या तिथं कळतं. या निर्णयाचं उत्तर कधीच येणार नव्हतं. टाके घालता घालता तो ती पंधरा मिनिटं मनात पुन्हा खेळवायचा. कधी पुजा दुसरा गोल मारायची, कधी खाली कोसळायची. एकदा त्यानं कनीजला विचारलं, "मैं सही किया क्या?" कनीज मेथी निवडत होती. म्हणाली, "मालूम नहीं. पर उस दिन तुम घर आए तो तुम्हारी शकल कोचवाली थी."

दिवाळीनंतर हिरासिंग पुन्हा दुकानात आले. आता थकले होते, काठी लागली होती. हिंगोलीच्या सामन्याची गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचली होती. "यंग स्टार सांभाळ," म्हणाले. "पुष्करबी परत येतो म्हणतोय."

फहीमनं लगेच होकार दिला नाही. आधी तो पुष्करला भेटायला परभणीला गेला. पुष्कर आता एका मोबाइलच्या दुकानात कामाला होता. फहीमनं दुकानातच, गिऱ्हाइकांसमोर सांगितलं, "त्या दिवशी तुला काढलं ते चुकलं माझं. माफ कर."

पुष्कर काउंटर पुसत राहिला. "काढलं त्याचं इतकं न्हाई वाटलं, फहीमभाई. कोणालातरी काढावंच लागतं. पण मी बाहेर आलो आन् तुमी माझ्या अंगावरून आत पळत गेलात. बघितलंसुद्धा न्हाई माझ्याकडं."

दोघांनी चहा घेतला. पुष्कर जानेवारीपासून वसमतला येऊ लागला. फहीम आता सोमवार ते शुक्रवार यंग स्टारकडं असतो, शनिवार डोंगरकड्याचा.

त्याआधी, डिसेंबरातल्या एका शनिवारी कळमनुरीच्या पोरींचा संघ मैत्रीचा सामना खेळायला डोंगरकड्याला आला. सामना सुरू व्हायच्या आधी पुजा मैदानावर आली, बूट घालून, गुडघ्याला पट्टा बांधून. डॉक्टरांची चिठ्ठी तिनं रेवती मॅडमच्या हातात दिली. फहीमकडं आली नाही. फहीमनं चिठ्ठी वाचली आणि तिच्यापाशी गेला.

"वीस मिनिटं," तो म्हणाला. "त्याच्यावर एक मिनिट न्हाई."

पुजानं मान हलवली. ती मैदानात उतरली आणि समोरच्या बॅकला खेटून उभी राहिली. त्या वीस मिनिटांत तिला एकच बॉल मिळाला. तिनं तो मारला, गोलकीपरनं अडवला. दोनदा ती डावीकडं वळली, तेव्हा फहीमनं तिची पावलं मोजली. विसाव्या मिनिटाला त्यानं हात वर केला. कोणाला आवाज द्यावा लागला नाही. ती आपणहून बाहेर आली, बाटलीतलं पाणी प्याली, उरलेलं डोक्यावर ओतलं आणि त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली.

दोघं सामना बघत होते.

"पुढल्या शनिवारी पंचवीस," पुजा म्हणाली.

"बावीस," फहीम म्हणाला.